4 फुटी टँकमध्ये आठ टँग सोडा म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

बेळगाव, खानापूर, निपाणीकडं मरीन म्हणजे खाऱ्या पाण्याचा फिश टँक ठेवणारी पोरं आहेत किती, हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी, पण त्या सगळ्यांच्या मोबाईलवर गेले दोन महिने एकच मेसेज फिरतोय. मेसेज असा आहे की टँग (समुद्रातले शोभेचे मासे) भांडतात हे जुन्या लोकांचं म्हणणं, 4 फुटी टँकमध्ये सात-आठ टँग एकदम सोडा, गर्दीत कोण कुणाला मारत नाही, मासा टँकच्या मापानंच वाढतो, पाण्यातले जंतू मारणारा यूव्ही दिवा लावला आणि खाण्यात लसूण घातला की क्वारंटाईन, म्हणजे नवा मासा आधी वेगळ्या टँकमध्ये ठेवणं, लागत नाही, आणि टँग शाकाहारी आहेत त्यामुळं घाण कमी करतात. या महिन्यात तिघांनी मला हाच मेसेज पाठवून विचारलं, दादा सोडू का? प्रत्येकाला वेगवेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहितो. आणि आधीच सांगतो, अनेक टँग एकत्र राहतात, माझ्याकडं बेळगावातल्या शहापूरच्या घरात 8 फुटी टँकमध्ये चार आहेत आणि चांगले आहेत, त्यामुळं माझा विरोध टँगना नाही, या शॉर्टकटला आहे.

गर्दीचं बघू पहिलं. ही आयडिया मलावी सिक्लिड, म्हणजे आफ्रिकेतल्या मलावी तळ्यातले गोड्या पाण्याचे मासे, ठेवणाऱ्यांकडून उचललीय. तिथं ती खरंच चालते, एमबुना जातीचे मासे हाताएवढे, त्यांची भांडणं तोंडानं, टँकभर दगड रचलेले, मारणाऱ्याचं लक्ष दहा जणांत वाटलं जातं. टँगचं हत्यार वेगळं आहे हो. शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूला एकेक पातं असतं, म्हणून तर त्याला सर्जनफिश म्हणतात. येलो टँगचं पातं पांढरं असतं, खाचेत मिटलेलं, एरवी नीट बघितल्याशिवाय दिसत पण नाही. भांडायला लागले की दोघं बाजूला बाजू लावून, एकाचं तोंड दुसऱ्याच्या शेपटीकडं असे उभे राहतात, अंगावरचे पर ताठ, आणि मग शेपटीचा एक फटका. आवाज नाही काही नाही, दुसऱ्याच्या अंगावर ब्लेडनं ओढल्यासारखी रेघ उमटलेली असते. मी हे माझ्याच जुन्या 5 फुटी टँकमध्ये बघितलंय, येलो आधीपासून होता आणि मी पावडर ब्लू, हा पण टँगच, सरळ पिशवीतून सोडला, तिसऱ्या दिवशी पावडर ब्लू ओव्हरफ्लोच्या, म्हणजे पाणी फिल्टरकडं जातं तिथल्या, कोपऱ्यात उभा होता, अंगावर चार रेघा, खाणं बंद. वाचला नाही तो. चूक सगळी माझी होती. आठ मासे कोंबले की ही भांडणं वाटली जात नाहीत, पळायला जागा नसते एवढंच होतं.

समुद्रात कळपानं राहतात की, असंही त्या मेसेजमध्ये लिहिलंय. काही राहतात. कन्व्हिक्ट टँग मोठ्या कळपानं फिरतात आणि दुसऱ्याच्या राखलेल्या शेवाळावर सगळे मिळून तुटून पडतात, पण ते शेवाळ राखणारा जो असतो तोही बऱ्याचदा टँगच असतो, लिनिएटस म्हणजे आपला क्लाऊन टँग आपला तुकडा दिवसभर राखत बसतो. आणि कळपाला तिथं अख्खा रीफ म्हणजे प्रवाळाचा खडक आहे, 4 x 1.5 x 1.5 चा टँक म्हणजे दगड-वाळू धरून 255 लिटर.

मासा टँकएवढाच वाढतो, हे तर गोल्डफिशच्या बाऊलपासून चालत आलंय. दुकानात हेपाटस म्हणजे तो निळा टँग 5 सेंमीचा मिळतो, आणि पूर्ण वाढ 30 सेंमी. येलो 20, पावडर ब्लू 23 च्या आसपास, सेलफिन 40 पर्यंत जातो. वाढ खुंटली तर ती सोय झाली म्हणून नाही, पाणी वाईट आणि ताण जास्त म्हणून खुंटते, आणि असा मासा फार वर्षं काढत नाही. येलो टँग समुद्रात 30-40 वर्षं जगतो, हे माहीत असल्यावर दोन वर्षांत गेलेल्या माशाला "चांगला चालला" म्हणवत नाही मला.

एकदम सोडा, यात मात्र निम्मं खरं आहे आणि ते मान्य करायला पाहिजे. येलो आणि पर्पल असे एकाच जातकुळीतले दोन ठेवायचे असतील तर एकाच दिवशी सोडलेले बरे, कुणाचीच जागा ठरलेली नसते. पण आठ मासे एका दिवशी नव्या टँकमध्ये गेले की माशांच्या घाणीतला अमोनिया खाणारे बॅक्टेरिया तेवढे तयार नसतात, आणि मरीनचा पीएच 8.2 म्हणजे तोच अमोनिया गोड्या पाण्यापेक्षा जास्त विषारी पडतो. मी दुसऱ्या वेळी असं केलं, टोमिनी टँग पहिला, मग हेपाटस, मग येलो, आणि सगळ्यात तापट पावडर ब्लू शेवटी, प्रत्येकात महिना-दीड महिन्याचं अंतर. पावडर ब्लूला भोकं पाडलेल्या ॲक्रेलिकच्या डब्यात टँकमध्येच ठेवला. येलोनं पहिले दोन दिवस त्या डब्याला धडका मारल्या, पाचव्या दिवशी लक्षच दिलं नाही, तेव्हा सोडला. आणि नोरीच्या, म्हणजे खायच्या वाळवलेल्या समुद्री शेवाळाच्या, क्लिपा दोन लावल्या, टँकच्या दोन टोकांना, एका माशाला दोन्ही राखता येत नाहीत.

आता लसूण आणि यूव्ही. याच्यावर मी सगळ्यात जास्त चिडलोय कारण इथंच सगळा टँक जातो. व्हाईट स्पॉट म्हणजे अंगावर पांढरे ठिपके येणारा रोग, त्याचा जीव, क्रिप्टोकॅरिऑन, माशाच्या कातडीच्या आत असतो, तिथून पडून वाळूत-दगडावर गाठ करून बसतो, आणि त्यातून काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनी, पोहणारी पिल्लं बाहेर पडतात. यूव्ही फक्त पाण्याबरोबर त्याच्यातून गेलेल्या पिल्लांना मारतो, कातडीतल्याला नाही, वाळूतल्याला नाही. लसणानं मासा खायला लागेल कदाचित, परजीवी मरत नाही. आणि टँगच्या अंगावर, त्यातही पावडर ब्लूच्या, हा रोग सगळ्यात आधी दिसतो. उपाय कंटाळवाणाच आहे, वेगळा टँक, वाळू-दगड न घालता, पाईपचे तुकडे लपायला, तांब्याचं औषध टेस्ट किटनं रोज मोजून, महिनाभर. ते औषध मेन टँकमध्ये घालू नका, कोरल-कोळंबी सगळं जाईल. मेन टँकमध्ये रोग घुसलाच तर सगळे मासे काढून 76 दिवस तो बिनमाशाचा ठेवायला लागतो, हे एकदा केलं की क्वारंटाईन लहान वाटतं.

शाकाहारी म्हणून घाण कमी? दिवसभर चरणारा मासा दिवसभर हगतो पण. गुरांच्या गोठ्यात गेलेल्या माणसाला हे सांगायला नको.

आणि जे त्या मेसेजमध्ये नाहीच ते आपल्या इथं सगळ्यात महत्त्वाचं आहे, हवा. खाऱ्या पाण्यात ऑक्सिजन गोड्यापेक्षा कमी मुरतो, त्यात बेळगाव समुद्रसपाटीपासून 750 मीटरवर, म्हणजे मुंबईच्या टँकपेक्षा आपल्या टँकमध्ये आणखी 8 टक्क्यांच्या आसपास कमी. टँग सारखा पोहणारा, त्याला ऑक्सिजन भरपूर लागतो. मे महिन्यात वळीव आला आणि रात्री तीन तास लाईट गेली, टॉर्च मारून बघितलं तर येलो रात्रीच्या फिक्या रंगात, अंगावर पांढरा पट्टा, वर पाण्याच्या कडेला येऊन भराभर कल्ले हलवत होता. बॅटरीचे दोन एअर पंप लावले, अर्ध्या तासात खाली गेला. माझ्या 8 फुटी टँकच्या 1100 लिटरमध्ये चार माशांची ही गत, 255 लिटरमध्ये आठ असते तर सकाळी काय बघायला लागलं असतं.

म्हणून ज्यांनी आधीच सोडलेत त्यांनी आजच बॅटरीचा पंप आणा आणि सगळ्यात जास्त मारणारा बाहेर काढा, मार खाणारा नाही, मारणारा. ठेवायला जागा नसेल तर माझ्याकडं 3 फुटी टँक स्पंज फिल्टरसकट रिकामा पडलाय, आठवडाभर ठेवायला घेऊन जा, पैसे नकोत.