परवानगी आईने मिळवून दिली होती

सीमेवर जरा खुट्ट झालं की आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन तट पडतात. एक 'आता घुसाच' म्हणणारा. दुसरा आमचा, मूठभर लोकांचा, शांततेच्या पोस्टी टाकणारा. त्यात एक जर्मन पोस्टर हमखास असतं: हात उंचावून ओरडणारा तरुण आणि शेजारी 'पुन्हा युद्ध नको'. केटे कोलवित्झ या जर्मन चित्रकर्तीचं, १९२४ सालचं. चित्र जबरदस्तच आहे, पण माझं भांडण आहे आमच्याच तटाशी. ही बाई जन्मजात शांततावादी आणि आपण तिचे वारसदार, अशा थाटात ते पोस्टर फिरतं. ती तशी नव्हती हो.

थोडक्यात सांगायचं तर जन्म १८६७, तेव्हाच्या प्रशियातलं क्योनिग्सबर्ग. शिकली पेंटिंग, पण रंग सोडून लवकरच एचिंगकडे, म्हणजे धातूच्या पत्र्यावर आम्लाने कोरून छापायच्या चित्रांकडे वळली. नवरा कार्ल डॉक्टर, बर्लिनच्या कामगार वस्तीत दवाखाना. विणकरांच्या उठावावरच्या तिच्या मालिकेसाठी १८९८ साली परीक्षकांनी पदकाची शिफारस केली, तर खुद्द कैसरने, म्हणजे जर्मन सम्राटाने, ते नाकारलं. म्हणजे सत्तेपुढे मान तुकवणारी बाई नव्हेच.

आणि तरीही ऑगस्ट १९१४, पहिलं महायुद्ध नुकतंच सुरू झालेलं. धाकटा पेटर अठरा वर्षांचा, सैन्यात जायला उतावीळ. वयामुळे वडिलांची परवानगी लागणार होती आणि कार्ल ठाम 'नाही' म्हणत होता. देशाला अजून तुझी गरज नाही, असं त्याचं म्हणणं. पोराने आईकडे पाहिलं. ती उठली आणि नवऱ्यापाशी मुलाची बाजू लावून धरली. हे तिने स्वतःच डायरीत लिहून ठेवलंय. 'शिवाजी जन्मावा, पण शेजारच्या घरात' असं आपण हसत हसत म्हणतो. हिने तो स्वतःच्या घरातून पाठवला. ऑक्टोबरच्या २२-२३ तारखेच्या रात्री, बेल्जियममध्ये डिक्समुडेजवळ पेटर मारला गेला. घर सोडून पुरता महिनाही झाला नव्हता.

त्याच वर्षाअखेरीस तिने स्मारकाचा विचार सुरू केला आणि ते उभं राहिलं १९३२ साली. अठरा वर्षं! मधली काही वर्षं तर तिने ते काम बाजूलाच ठेवलं होतं. पहिल्या कल्पनेत मुलाचा देह मध्ये आडवा आणि आईबाप डोक्याशी नि पायाशी. हळूहळू मुलगाच शिल्पातून गेला. उरली गुडघे टेकलेली दोन माणसं, केटे आणि कार्ल. त्याच काळात, १९२८ साली, आपल्या पुण्याच्या शिवाजीनगरात शिल्पकार करमरकरांचा अश्वारूढ शिवाजी उभा राहिला. तो पुतळा मला मनापासून आवडतो, तक्रार त्याच्याबद्दल नाही. पण सैनिकाच्या स्मारकात सैनिकच नसावा, हे आपल्याकडच्या कुठल्या समितीत मंजूर झालं असतं का, सांगा.

माझ्या मावशीचा मुलगा फौजेत आहे. तिला मी मोबाइलवर या शिल्पाचा फोटो दाखवला. चित्र-शिल्पाशी तिचा काडीचा संबंध नाही. चष्मा वर करून तिने बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "अगं, ही दोघं अशी लांब लांब का बसवलीत? नवरा-बायकोच ना?"

खरंच, दोन वेगवेगळे चौथरे आहेत, मध्ये मोकळी जागा. आई पुढे वाकलेली, मान खाली. बाप ताठ, दोन्ही हातांनी स्वतःलाच घट्ट आवळून धरलेलं. कुणी कुणाला धरलेलं नाही. मी मॅक्समुल्लर भवनात जर्मन शिकले, या बाईवर बरंच वाचलं, आणि ती फट मला मावशीने दाखवली. आता मला त्यात ती ऑगस्टची संध्याकाळच दिसते, एकाचा नकार आणि एकीचा होकार. केटेच्या मनात तेच होतं असा माझा दावा नाही, पण मी ते शिल्प असंच वाचते. १९५० च्या दशकात पेटरच्या दफनभूमीतली थडगी बेल्जियमच्या फ्लँडर्स भागातल्या फ्लाडस्लोला हलवली तेव्हा हे दोघंही तिकडे गेले. तिथे २५ हजारांहून अधिक जर्मन सैनिक पुरलेले आहेत.

'युद्ध' ही तिची सात काष्ठचित्रांची (लाकडात कोरून छापलेल्या चित्रांची) मालिका १९२० च्या दशकाच्या सुरुवातीची. एकातही रणांगण नाही. 'स्वयंसेवक' नावाच्या चित्रात मृत्यू ढोल बडवत पुढे निघालाय आणि तरुण पोरं भारल्यासारखी त्याच्या मागे. मृत्यूच्या अगदी लगतचा मुलगा पेटर. मला विचाराल तर ग्रुपवर टाकायचंच असेल तर हे टाका. पोस्टरमध्ये ओरडणारा बरोबर आहे हे आधीच ठरलेलं असतं, इथे ओरडणारेच मरायला निघालेत.

ऑक्टोबर १९१८ मध्ये, युद्ध हरत आलेलं असताना, कवी रिचर्ड डेमेलने उरल्यासुरल्यांनाही लढायला बोलावलं. तेव्हा तिने वर्तमानपत्रातून जाहीर उत्तर दिलं: पुरे झालं मरण, आता एकही नको. शेवटी गटेची ओळ घातली, पेरायचं बियाणं दळू नये. इथवर यायला तिला चार वर्षं लागली. पुढे नाझींनी १९३३ मध्ये तिला प्रशियन कला अकादमीतून बाहेर काढलं. १९४२ मध्ये तीच ओळ शीर्षक म्हणून घेऊन तिने शेवटचं शिळाछाप चित्र केलं. म्हातारी आपल्या पदराखाली पोरं दाबून धरतेय. त्या पोरांचे चेहरे नीट बघा. घाबरलेले नाहीत, कधी एकदा बाहेर पळतोय असे उतावीळ आहेत. त्याच वर्षी नातू रशियात मारला गेला. त्याचंही नाव पेटर. ती गेली २२ एप्रिल १९४५ ला, युद्ध संपायला जेमतेम दोन आठवडे उरले असताना.

१९९३ साली जर्मन सरकारने तिची मृत मुलाला कुशीत घेतलेल्या आईची मूर्ती, मूळ जेमतेम ३८ सेंटीमीटरची, कितीतरी पट मोठी करून बर्लिनच्या नॉये वाखे या राष्ट्रीय स्मारकात ठेवली. युद्ध आणि जुलमाच्या सगळ्या बळींसाठी म्हणे. मारणारे आणि मारले गेलेले एकाच ओळीत बसवले म्हणून तेव्हा बरीच टीका झाली, आणि मला ती रास्त वाटते. हातात मावणारी गोष्ट एवढी फुगवणं मुळात मला पटलेलंच नाही. शिवाय त्या मूर्तीत बाप नाही. निवड करताना फ्लँडर्समधला तो ताठ बसलेला, नको म्हणणारा माणूस कुणालाच आठवला नाही का?