भालूचे केस झिरो का नाही केले – तुमच्या २ स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार दादा, आमच्या कुत्र्यांच्या ग्रूमिंगच्या दुकानाबद्दलचा तुमचा रिव्ह्यू रविवारी रात्रीच वाचला, तेव्हाच उत्तर लिहायला बसले होते पण रागात काहीतरी लिहिल्या जाईल म्हणून थांबले. तुमचं म्हणणं असं की नागपूरच्या या उन्हात भालूचे, तुमच्या सेंट बर्नार्ड कुत्र्याचे, केस झिरो करून द्या असं स्पष्ट सांगूनही आम्ही केले नाहीत, नुसता कंगवा फिरवायचे २२०० घेतले, आणि तुमच्या बाबांना अडीच तास बाहेर बाकावर बसवून ठेवलं.

पहिले काकांचं, म्हणजे तुमच्या बाबांचं बोलते. ते आमचं चुकलं, पूर्ण चुकलं. मी आत भालूसोबत होते, मला वाटलं ते घरी गेले असतील, आणि काउंटरवरून कोणी त्यांना आत कूलरसमोर या म्हटलं नाही. मी काकांना फोन करून माफी मागितली आहे. पैशाचं पण तुमचं बरोबर आहे, फोनवर १२०० सांगितले होते, काम वाढलं हे खरं पण वाढवायच्या आधी तुम्हाला एक फोन करायला पाहिजे होता. वरचे १००० आज सकाळी परत टाकले, बघून घ्या.

पण केस काढले नाहीत त्याबद्दल सॉरी म्हणता येणार नाही मला, कारण ते मी जाणूनबुजून केलं नाही आणि उद्या परत आलात तरी करणार नाही.

भालूच्या अंगावर केसांचे दोन थर आहेत दादा. वर लांब राठ केस आणि खाली मऊ लोकर. वरचे केस ऊन थेट कातडीवर पडू देत नाहीत, बाहेरची धग आत पोचायला वेळ लागतो. आपण केस बारीक केले की डोक्याला वारा लागतो, घाम सुकतो, म्हणून आपल्याला बरं वाटतं. कुत्र्याला अंगावर तसा घाम येतच नाही, थोडाफार येतो तो पंजाच्या गाद्यांना, बाकी बहुतेक उष्णता तो जीभ बाहेर काढून धापा टाकून बाहेर टाकतो. मग केस काढून फायदा काय, उलट गुलाबी कातडी उघडी पडते आणि भाजते. आणि अशा दोन थरवाल्या कुत्र्यांत कधी कधी काढलेले केस नीट परत येतच नाहीत. हे मी ऐकीव सांगत नाहीये. दुकान सुरू केलं त्या वर्षी एका पांढऱ्या स्पिट्झचे केस मालकांच्या आग्रहावरून मी मशीनने काढले होते, वर्ष झालं तरी पाठीवर टकलाचे चट्टे तसेच. ती बाई मला एक शब्द बोलली नाही, पण तो कुत्रा दर महिन्याला नखं कापायला यायचा आणि ती पाठ मला दिसायची. तेव्हापासून दोन थरवाल्याला मशीन लावणं बंद.

आता "नुसता कंगवा" म्हणालात त्याचं. भालूला खरा त्रास होत होता तो मेलेल्या लोकरीचा, ती गळून बाहेर पडायला पाहिजे होती पण आतच अडकून राहिली होती. कानामागे आणि मागच्या मांड्यांना जटा झाल्या होत्या, इतक्या घट्ट की बोट आत जाईना, मग वारा कसा जाणार? ब्लोअर लावला तर राखाडी कापूस उडावा तशी लोकर उडत होती, किराण्याच्या दोन मोठ्या पिशव्या भरल्या. डाव्या कानामागची जट सोडवली तर खाली रुपयाएवढी जागा लाल, ओली, वास येणारी. तिथले केस मात्र आम्ही मशीनने काढले कारण जखमेला हवा लागणं गरजेचं होतं. पोटाखालचे आणि पंजाच्या गाद्यांमधले पण बारीक केलेत, फरशीवर पोट टेकून झोपला की थंडावा थेट लागतो. ती लाल जागा डॉक्टरांना दाखवा असं मी काकांना सांगितलं होतं, दाखवली का तेवढं कळवा प्लीज, मला काळजी आहे.

आणि तुम्ही लिहिलंय की संध्याकाळी ५ ला फिरवतो तरी दमतो. ५ ला रस्ता तव्यासारखा असतो दादा. हाताची उलटी बाजू डांबरावर ५-७ सेकंद ठेवून बघा, तुम्हाला ठेववत नसेल तर त्याला पण चालवू नका. पहाटे साडेपाचच्या आत न्या, रात्री रस्ता निवल्यावर न्या, नवतपात, म्हणजे मे अखेरच्या त्या कडक नऊ दिवसांत तर दिवसा फक्त शी-सू पुरतं बाहेर. कूलर आता मस्त चालतो कारण हवा कोरडी आहे, पण पहिला पाऊस पडून चिपचिप सुरू झाली की कूलरने उलट दमटपणा वाढतो आणि धापा टाकूनही त्याची उष्णता निघत नाही, तेव्हा पंखा, उघडी खिडकी किंवा एसी. खूप लोक जूनमध्ये ऊन कमी झालं म्हणून निर्धास्त होतात, मला त्या दिवसांचीच जास्त भीती वाटते.

धाप थांबतच नाही, हिरड्या लालभडक, लाळ चिकट, चालताना झोक जातोय असं दिसलं तर बर्फ शोधत बसू नका, नळाचं पाणी पाइपने अंगावर सोडा, पोटाला, मांड्यांना, केसांच्या आत मुरेपर्यंत, पंखा लावा आणि मग गाडीत घालून डॉक्टरकडे. ओला टॉवेल पांघरून ठेवू नका, तो थोड्या वेळात गरम होतो आणि उष्णता आतच कोंडतो. कुत्र्याचं नॉर्मल टेंपरेचर १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, १०५ म्हणजे जिवाशी खेळ.

घरी आठवड्यातून दोनदा लोकर काढायचा रेक (लांब दातांचा कंगवा) फिरवा, कसा धरायचा ते काकांना दाखवते, त्याचे पैसे नाही. शनिवारी सकाळी ७ चा स्लॉट भालूसाठी ठेवलाय, कानामागची जागा पण बघून घेऊ. काकांना या वेळी आत कूलरसमोर खुर्ची. येणार असाल तर शुक्रवारी संध्याकाळपर्यंत मेसेज करा.