खोटे न बोलता घेतलेली सही

करवीर, कागल, पन्हाळा या तालुक्यांच्या ऊसपट्ट्यात वडिलोपार्जित जमिनीच्या हक्कसोडपत्रावर बहिणींच्या सह्या घेतल्या जातात, तेव्हा बऱ्याचदा कोणी कोणाला फसवत नाही. जमीन किती आहे हे बहिणीला ठाऊक असते. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू वारसा कायद्यात मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला, हेही आता अनेकींना ठाऊक असते. तिला एवढेच सांगितलेले असते की, ‘ताई, कोर्टकचेरी केलेल्या बहिणींचं माहेर तुटतंय बघ, आपलं तसं व्हायला नको.’ हे वाक्य खरे असते, तशी माहेरे तुटलेली तिने स्वतः पाहिलेली असतात, आणि म्हणूनच पुढे कोणी जाब विचारला तर भाऊ निर्धास्तपणे म्हणू शकतो, ‘मी काय खोटं बोललोय?’

हा बचाव आपण मान्य करता कामा नये, असे माझे ठाम मत आहे. तो इतक्या सहज मान्य होतो, कारण दुसऱ्याला वळवण्यातला दोष आपण फक्त खोटेपणात शोधतो. फसवणूक झाली नाही म्हणजे अन्यायही झाला नाही, अशी आपली समजूत असते. तत्त्वज्ञ रॉबर्ट नॉगल यांनी १९९६ मध्ये लिहिलेल्या निबंधात मॅनिप्युलेशनची, म्हणजे दुसऱ्याला आपल्या सोयीने वळवून घेण्याची, मांडणी अशी केली आहे की माणसाच्या समजुती, इच्छा आणि भावना या तिन्ही ठिकाणी त्याला योग्य मार्गावरून ढळवता येते. हे मान्य केले तर फसवणूक त्या तीन वाटांपैकी एक, समजुतीची वाट ठरते, आणि उरलेल्या दोन वाटांनी जाणाऱ्याला खोटे बोलण्याची गरजच पडत नाही.

यावर एक आक्षेप नेहमी येतो. मॅनिप्युलेशनमध्ये काहीतरी लपवलेले असतेच, निदान हेतू तरी, आणि त्या अर्थाने तीही फसवणूकच, असे म्हटले जाते. मला हे पटत नाही, आणि न पटण्याचे कारण महाभारताच्या वनपर्वात आहे. इंद्र ब्राह्मणाच्या वेषात कवचकुंडले मागायला येणार, हे सूर्याने कर्णाला स्वप्नात आधीच सांगितलेले होते. समोर कोण उभा आहे आणि तो कशासाठी आला आहे, हे कर्ण पुरते जाणून होता, म्हणजे फसवणुकीचा डाव फसलेलाच होता. तरीही इंद्राचे काम झाले, कारण त्याची खरी पकड वेषावर नव्हती, तर याचकाला नाही न म्हणण्याच्या कर्णाच्या व्रतावर होती. एखाद्याचा दुबळेपणाच वापरला जातो असे नाही, त्याचा सर्वांत उत्तम गुणही वापरला जातो, आणि मला तर दुसरा प्रकार अधिक क्रूर वाटतो. बहिणीची माहेराविषयीची ओढ हा तिचा दोष नव्हे, आणि तिच्याकडून सही मिळते ती नेमकी त्या ओढीमुळे. कर्णाने निदान बदल्यात इंद्राकडून शक्ती हे अस्त्र मागून घेतले. आमच्याकडे बहिणीची बोळवण साडीचोळीवर होते.

कायद्याने हा भेद फार पूर्वी ओळखला आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्यात संमती मुक्त नसण्याची जी कारणे दिली आहेत, त्यांत जबरदस्ती, अनुचित प्रभाव आणि कपट यांना वेगवेगळी कलमे आहेत. कलम १६ मधल्या अनुचित प्रभावासाठी खोटे बोलणे आवश्यक नाही. दुसऱ्याच्या इच्छेवर वर्चस्व गाजवता येईल अशा नात्याचा गैरफायदा घेऊन अन्याय्य लाभ मिळवणे पुरेसे आहे. भावाबहिणीच्या नात्यात हे सिद्ध करणे अवघड असते, पण न्यायालयात सिद्ध होत नाही म्हणून घरात ते घडतच नाही, असे कसे म्हणणार?

उलट बाजूने पाहिले तर फसवणूक असूनही अन्याय नसलेली ठिकाणे आहेत. खासबागेच्या मैदानात मल्ल डाव्या अंगाला हूल देतो आणि उजवीकडून पट काढतो, तेव्हा त्याने प्रतिस्पर्ध्याला चक्क फसवलेले असते, पण हूल मिळणार हे मान्य करूनच दोघेही मातीत उतरलेले असतात.

म्हणजे नुसते साधन पाहून दोष ठरत नाही, आणि म्हणून भावनेला हात घालणारे प्रत्येक बोलणेही मी दोषी ठरवत नाही. ‘आईचं आजारपण मी काढलं, विहिरीचं कर्ज माझ्या नावावर आहे, तेवढं धरून वाटणी कर,’ असे भावाने म्हटले तर त्यात भावना आहे, पण ते जमिनीच्या प्रश्नाशी संबंधित कारणही आहे, आणि बहीण ते तोलून होकार किंवा नकार देऊ शकते. माहेर तुटण्याची भीती मात्र जमीन कोणाची याविषयी काहीच सांगत नाही; ती फक्त उत्तर मिळवून देते. जो भाऊ बहिणीला सातबारा दाखवतो, तिच्या हिश्श्याची आजची किंमत सांगतो आणि ‘सही कर नाहीतर करू नको, भाऊबीजेला मी न्यायला येणारच,’ असे म्हणतो आणि तसा वागतो, त्याच्या घरातली बहीणही हक्क सोडू शकते, आणि तिने तो सोडला तर माझी काहीच हरकत नाही.