नुसते आकडे भरून इंजिन संथ चालत नाही

मॉडेल रेल्वेच्या डिजिटल नियंत्रणाबद्दल, म्हणजे डीसीसीबद्दल, एक सल्ला सर्रास फिरतो: ‘चांगला डिकोडर (इंजिनात बसणारी, आज्ञा वाचून मोटार चालवणारी चकती) बसवा, सीव्ही (डिकोडरमधल्या क्रमांकित सेटिंग) ३ आणि ४ वाढवा, दुसऱ्याच्या इंजिनाचे आकडे जसेच्या तसे भरा. इंजिन उघडायचीही गरज नाही, ते मुंगीच्या पावलांनी चालेल.’ यातला एकही मुद्दा टिकत नाही.

‘उघडायची गरज नाही’ हे आधी घेऊ, कारण सर्वांत जास्त वेळ इथेच वाया जातो. झटका कसा बसतो हे नीट पाहिलं की दोष कुठे आहे ते कळतं. चाकाच्या दर फेऱ्यात एकदाच, ठरावीक जागी अडखळत असेल तर दोष यांत्रिक: आसावरचा तडकलेला गिअर किंवा वाकलेली जोडदांडी. रुळाच्या ठरावीक जागी अडखळत असेल तर तिथे वीज नीट पोचत नाही. रूळ पुसा, सांधे तपासा. कुठेही थांबत असेल आणि दिवे लुकलुकत असतील तर चाकं आणि पिकअपच्या, म्हणजे चाकांवरून वीज घेणाऱ्या, पट्ट्या मळल्या आहेत. आयसोप्रोपिल अल्कोहोलनं ओलावलेल्या कागदी रुमालावर चाकं फिरवून त्यांचा काळा थर काढा. सगळीकडे सारखी, बारीक थरथर असेल तरच डिकोडरकडे वळा.

डिकोडरचं बॅक-ईएमएफ नियंत्रण यांत्रिक दोष सांभाळून घेईल, असंही म्हटलं जातं. डिकोडर क्षणभर पुरवठा तोडून मोटारनं स्वतः निर्माण केलेला व्होल्टेज मोजतो आणि त्यावरून वेग ओळखतो. गिअर जड अडकला की तो जोर वाढवतो, गिअर सुटला की तोच जोर उसळी बनतो. म्हणजे सदोष यंत्रणेत झटका कमी होण्याऐवजी वाढूही शकतो. म्हणून डिकोडर बसवण्याआधी इंजिन साध्या डीसीवर, म्हणजे डीसीसीविना थेट एकदिश विजेवर, दोन्ही दिशांना १५-२० मिनिटं चालवून पाहावं.

सीव्ही ३ आणि ४ फक्त वेग बदलायला लागणारा वेळ ठरवतात. एनएमआरए या अमेरिकी मॉडेल रेल्वे संघटनेच्या व्याख्येनुसार सीव्ही ३ ला ०.८९६ ने गुणलं की थांब्यापासून पूर्ण वेगापर्यंतचे सेकंद मिळतात. ३० भरले तर साधारण २७. नियंत्रकावरचा वेग पायऱ्यांत वाढतो; त्यातल्या पहिल्या, सर्वांत संथ पायरीचा वेग त्यानं तसूभरही बदलत नाही. सेटिंग जुळवताना दोन्ही ० ठेवा, नाहीतर खरा दोष झाकला जातो.

पहिली पायरी ठरवतो सीव्ही २. इंजिन आधी थोडं चालवून गरम करा, १२८ वेग-पायऱ्यांवर ठेवा, पहिली पायरी द्या आणि प्रोग्रॅमिंगच्या वेगळ्या रुळावर न नेता मुख्य रुळावरच सीव्ही २ एकेकानं वाढवा. चाकं जेमतेम पण न थांबता फिरू लागली की थांबा. बऱ्याच डिकोडरांत सीव्ही २९ मधून वेगतक्ता (प्रत्येक पायरीचा वेग वेगळा ठरवणारी यादी) सुरू असेल तर सीव्ही २ कडे दुर्लक्ष होतं, ते आधी तपासा.

उसने आकडे तर मुळीच नकोत. मोटारचा प्रकार, फ्लायव्हील (गती टिकवणारं जड चाक), गिअरचं गुणोत्तर वेगळं, तर आकडेही वेगळे. ईएसयू या कंपनीच्या चौथ्या व पाचव्या पिढीच्या डिकोडरांत सीव्ही ५४ मध्ये ० भरून नियंत्रकावरचं एफ१ बटण दाबलं की इंजिन क्षणभर पूर्ण वेगानं धावतं आणि डिकोडर मोटार स्वतः मोजून आकडे भरतो. पुढे दोनेक मीटर मोकळा सरळ रूळ हवाच. तरीही थरथर राहिली तर सीव्ही ५४ मध्ये त्यानं भरलेला आकडा पाच-पाचनं कमी करा. थांबता थांबता उडी मारत असेल तर सीव्ही ५५ बदला, छोट्या फ्लायव्हीलला वाढवून, मोठ्याला घटवून.

निकाल घड्याळानं तपासा. एचओ या मॉडेलमापात, म्हणजे १:८७ प्रमाणात, ताशी ५ किमी म्हणजे १ मीटरला सुमारे ६३ सेकंद. दोन्ही दिशांना न अडखळता हे जमलं की मगच सीव्ही ३ आणि ४ मध्ये हवे ते आकडे भरा.