लघवीत साखर आढळणे म्हणजे मूत्रपिंड बिघडणे नव्हे
इंदूरमधील मराठी कुटुंबांच्या व्हॉट्सॲप समूहांत असा संदेश फिरत आहे की, मधुमेहावरील डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या घेणाऱ्यांच्या लघवीत साखर आढळते, म्हणजेच या गोळ्या मूत्रपिंडे निकामी करतात. हा निष्कर्ष चुकीचा आहे, आणि त्यावर विसंबून कोणी औषध सोडले तर नुकसान त्या रुग्णाचेच होईल.

निरोगी मूत्रपिंडे दिवसाला सुमारे १८० ग्रॅम ग्लुकोज गाळतात आणि जवळजवळ सगळे रक्तात परत घेतात. टाइप २ मधुमेहात ही परत घेण्याची क्षमता अनेकदा वाढलेली असते, त्यामुळे रक्तातील साखर चढीच राहण्यास हातभार लागतो. या गोळ्या तो परतीचा मार्ग अंशतः अडवतात, म्हणून लघवीत साखर येणे हा त्यांचा अपेक्षित परिणाम आहे. उलट २०१९ मधील क्रेडेन्स आणि २०२० मधील डापा-सीकेडी या मोठ्या चाचण्यांत याच गटातील औषधांनी मूत्रपिंडांचा ऱ्हास मंदावल्याचे दिसून आले.

जननेंद्रियांचा बुरशीसंसर्ग मात्र होऊ शकतो. त्याहून गंभीर म्हणजे कडक उपवास, सततच्या उलट्या किंवा शस्त्रक्रिया अशा प्रसंगी रक्तात कीटोन (शरीर चरबी जाळते तेव्हा तयार होणारे आम्लधर्मी पदार्थ) साचण्याचा धोका असतो. तेव्हा गोळी काही दिवस थांबवावी का, हे आपल्या डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावे.