टेलिमेडिसिन, आईच्या पोटावरची रेघ आणि माझी थोडी चिडचिड

आईचं पित्ताशय काढलं. दुर्बिणीने ऑपरेशन, पोटावर चार छोटी भोकं, दुसऱ्या दिवशी डिस्चार्ज, सगळं सुरळीत. लिहायचंय ते चौथ्या दिवसाबद्दल. चौथ्या दिवशी रात्री बेंबीजवळच्या टाक्याच्या कडेला लाल दिसायला लागलं आणि आई म्हणाली, "जरा हुळहुळतंय गं." आणि माझी आई "जरा" म्हणते तेव्हा ते जरा नसतं हे घरात सगळ्यांना माहितीये.

डिस्चार्ज कार्डवर ऑनलाइन फॉलोअपची सोय छापलेली होती. म्हटलं बरंय, हिला परत गाडीत घालून न्यायला नको. ॲप उघडलं, ओटीपी, फॉर्म, परत ओटीपी, आणि शेवटी एकदाचे एक डॉक्टर स्क्रीनवर आले. ऑपरेशन त्यांनी केलेलं नव्हतं आणि कागदही समोर नसावेत, कारण पहिलाच प्रश्न "कसलं ऑपरेशन झालंय?" मी फोटो पाठवला. पिवळा दिवा, त्यात माझा हात हललेला, आई अर्धवट उठून बसलेली म्हणजे पोटाला घड्या. त्या फोटोत आईचंच काय, माझं बोटसुद्धा लाल दिसत होतं. ते म्हणाले इन्फेक्शन वाटतंय, अँटिबायोटिक बदलून देतो. साडेतीन मिनिटांत विषय संपला. ताप आहे का, पस येतोय का, हात लावून गरम लागतंय का, काही विचारलं नाही. त्यांचीही चूक म्हणावी का कळत नाही, मागे पंचवीस पेशंट रांगेत असतील. पण मी फोन ठेवला तेव्हा कॉलच्या आधी होते त्यापेक्षा जास्त घाबरलेली होते.

सकाळी मी सरळ वॉर्डात फोन लावला. तिथल्या एक सिस्टर, वयाने मोठ्या, आवाज जरा खरखरीत. त्या म्हणाल्या आधी आईंना खिडकीशी न्या आणि घरातला दिवा बंद करा. झोपवा सरळ. एक पांढरा कागद जखमेच्या बाजूला धरा आणि मग फोटो काढा (कागद पांढरा दिसतोय की पिवळट, यावरून त्यांना कळणार होतं की फोटोतला लाल रंग किती खरा). मग म्हणाल्या, आता हाताची पालथी बाजू लावा, आधी लांब, मग हळूहळू जवळ, कुठे गरम लागतंय? मग म्हणाल्या, बॉलपेन घ्या. लाल जिथे संपतंय तिथे कडेकडेने रेघ मारा, पूर्ण गोल, आणि बाजूला वेळ लिहा. संध्याकाळी लाली रेघेच्या बाहेर गेली, ताप आला, पोट दुखायला लागलं, डोळे पिवळे दिसले, यातलं काहीही झालं तर फोन करत बसू नका, घेऊन या.

मी माझ्या आईच्या पोटावर बॉलपेनने वर्तुळ काढलं आणि त्याच्या शेजारी ९:४० लिहिलं. आई हसत होती आणि हसल्यावर टाके दुखतात म्हणून मला ओरडत होती.

दहा मिनिटांनी सर्जनसाहेबांचा व्हिडिओ कॉल आला, सिस्टर त्यांच्या शेजारीच उभ्या. त्यांनी फोटो बघितला, रेघ बघितली, आईला खोकायला लावलं, म्हणाले नवीन गोळ्या आत्ता सुरू करू नका, संध्याकाळी परत दाखवा. कॉल दोन मिनिटांचा. म्हणजे रात्रीच्यापेक्षाही छोटा! फरक एवढाच की सिस्टरांनी त्या कॉलची तयारी करून घेतली होती आणि पेशंटच्या पोटावर कुणाचा तरी सांगितल्याप्रमाणे हात पडला होता. कुणाचा तरी म्हणजे माझा.

तेव्हापासून हे डोक्यात घोळतंय. ऑपरेशन आणि टेलिमेडिसिन (म्हणजे फोन-व्हिडिओवरून, लांबून उपचार) हे दोन शब्द एकत्र आले की लोकांना लगेच रोबोट दिसतो. डॉक्टर एका खंडात, पेशंट दुसऱ्या खंडात. ते झालंय हो, आणि गंमत म्हणजे तेही पित्ताशयाचंच ऑपरेशन होतं. ७ सप्टेंबर २००१, न्यूयॉर्कमध्ये बसून जॅक मारेस्को नावाच्या सर्जनने फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गला झोपलेल्या ६८ वर्षांच्या बाईचं पित्ताशय झ्यूस नावाच्या रोबोने काढलं. लिंडबर्ग ऑपरेशन म्हणतात त्याला. चारच दिवसांनी न्यूयॉर्कमध्ये जे झालं त्याच्यापुढे बाकी कुठली बातमी टिकणार होती म्हणा. तिथे खरी लढाई होती ती वेळेच्या अंतराशी. सर्जनने हात हलवला, तिकडे रोबो हलला, त्याचं चित्र परत सर्जनला दिसलं, या सगळ्याला सरासरी १५५ मिलिसेकंद लागत होते. सॅटेलाइटने हे जमलं नसतं, कारण सिग्नलने जमिनीपासून जवळपास ३६,००० किलोमीटर वर जाऊन खाली यायचं आणि चित्राने परत तसंच यायचं, म्हणजे नुसत्या जाण्यायेण्यातच अर्धा सेकंद जातो, आणि अर्ध्या सेकंदाने उशिरा दिसणाऱ्या चित्राकडे बघत रक्तवाहिनीजवळ कात्री चालवायची कल्पना करून बघा. म्हणून समुद्राखालची फायबर लाईन वापरली.

पण या गोष्टीतला जो भाग कुणी सांगत नाही तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. स्ट्रासबर्गच्या त्या ऑपरेशन थिएटरमध्ये पेशंटजवळ सर्जन उभे होते. भूल देणारे होते. लाईन तुटली असती तर त्यांनी पुढचं ऑपरेशन हाताने केलं असतं. २००३ पासून कॅनडात मेहरान अन्वारी यांनी हॅमिल्टनमधून सुमारे ४०० किलोमीटरवरच्या नॉर्थ बे गावातल्या पेशंटवर वीसेक ऑपरेशनं केली, तीही प्रयोग म्हणून एखादं दुसरं नाही तर नेहमीच्या कामासारखी, आणि तिथेही टेबलाशी स्थानिक सर्जन होते. डिसेंबर २०१८ मध्ये अहमदाबादचे हृदयरोगतज्ज्ञ तेजस पटेल यांनी सुमारे ३२ किलोमीटरवरून रोबोने हृदयाच्या रक्तवाहिन्यांत स्टेंट बसवले, तेव्हाही पेशंटजवळ कॅथलॅबमध्ये (स्टेंट बसवायच्या खोलीत) टीम होतीच. म्हणजे आजवर लांबून ऑपरेशन झालंय ते जिथे आधीच चांगले हात आहेत तिथे. जिथे कुणीच नाही तिथे रोबो पाठवला तर तो लोखंडाचा महागडा सांगाडा होऊन पडून राहील, त्याला स्टराईल कव्हर घालायलासुद्धा शिकलेलं माणूस लागतं.

आता याच्या उलट बघा. रोबो वगैरे काही नाही, पण ज्याने खरोखर माणसं वाचतात अशा गोष्टी. लकवा. मेंदूत गुठळी अडकली की मिनिटाला अंदाजे १९ लाख पेशी मरतात आणि गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं, पण त्याआधी सिटी स्कॅन करून रक्तस्राव नाही ना हे बघावं लागतं, कारण रक्तस्राव असेल तर तेच इंजेक्शन जीव घेईल. लहान हॉस्पिटलात रात्री दोन वाजता न्यूरोलॉजिस्ट कुठून आणणार? तो स्क्रीनवर येतो. स्कॅन त्याच्या घरी पोचतो. मग तो तिथल्या ज्युनिअर डॉक्टरला सांगतो, दोन्ही हात वर धरायला लावा, मी दहा आकडे मोजतो, कुठला हात खाली येतोय? पाय उचलायला लावा, पाच आकडे. हसायला सांगा. नजर डावीकडे, उजवीकडे. या तपासणीला न्यूरोलॉजिस्टचे डोळे लागतात आणि दुसऱ्याचे हात. आणि शिवाय एक घरचं माणूस लागतं जे खात्रीने सांगेल की आजोबा शेवटचे धडधाकट किती वाजता दिसले होते. ते नसेल तर सगळं गणित अवघड होऊन बसतं.

किंवा हे. ऑपरेशन चालू आहे, गाठ काढलीये, पेशंट भुलेत आहे, आणि ती गाठ कॅन्सरची आहे का यावर ठरणार की अजून किती कापायचं. तिथे पॅथॉलॉजिस्ट नाही. नॉर्वेत १९८९ च्या सुमारास हे सुरू झालं, किर्केनेसच्या हॉस्पिटलात तुकडा गोठवून त्याची काच मायक्रोस्कोपखाली ठेवायची आणि ट्रॉम्सोत बसलेला पॅथॉलॉजिस्ट ती व्हिडिओवर बघून सांगणार. इकडे सर्जन हातमोजे घालून उभा, वाट बघत. १९८९! आपल्याकडे मोबाईल नव्हता तेव्हा. आणि तिथेही तुकडा पातळ कापून नीट रंगवणारा टेक्निशियन चुकला तर पलीकडच्या मोठ्या तज्ज्ञाला डाग दिसणार फक्त.

खरं तर याची सुरुवात १९०५ ची आहे. नेदरलँडमधल्या लायडनला आइंटहोवेनचं ईसीजीचं यंत्र इतकं अवजड होतं की ते पेशंटकडे नेणं शक्यच नव्हतं, मग त्याने दीड किलोमीटरवरच्या हॉस्पिटलमधून टेलिफोनच्या तारेवरून हृदयाचे सिग्नल लॅबमध्ये आणले. यंत्र हलत नाही तर सिग्नल हलवा. आता यंत्र खिशात आलंय, आणि हलत नाहीये तो तज्ज्ञ.

माझ्या एका डॉक्टर मैत्रिणीशी यावर कडाक्याचं भांडण झालं. तिचं म्हणणं, सर्जरीत हाताला पर्याय नाही, पोटावर हात ठेवल्याशिवाय मी कुणाला काही सांगणार नाही. अर्ध्या बाबतीत मला पटतं. अपेंडिक्सचा संशय असेल तर दाबून हात पटकन सोडल्यावर पेशंट कसा कळवळतो हे कॅमेऱ्याला कळत नाही. टाचा उचलून धपकन टेकवायला सांगितलं आणि पोटात कळ आली तर व्हिडिओवर थोडाफार अंदाज येतो, पण तो अंदाजच. पोट कडक झालंय का हे बोटांनाच समजतं. गाठ हलते की चिकटलीये, हेही तसंच. त्यामुळे जो डॉक्टर सुरी चालवणार आहे त्याने निदान एकदा तरी पेशंटला हात लावून बघितलेलं असावं, या बाबतीत मी जुन्या वळणाची आहे.

पण तिचं दुसरं अर्ध मला अजिबात पटत नाही. ऑपरेशननंतर तिसऱ्यांदा, चौथ्यांदा, नुसतं "छान भरतंय, चालू द्या" एवढं ऐकायला म्हाताऱ्या माणसाला अख्खा दिवस ओपीडीच्या बाकावर बसवायचं हा कुठला न्याय? सोबत येणाऱ्याची रजा जाते ती वेगळी. भूलतज्ज्ञांचे निम्मे प्रश्न, म्हणजे आधी कधी भूल दिली होती का, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत का, झोपेत घोरता का, हे फोनवर विचारता येतात. आणि आधी विचारले तर बरंच, कारण गोळी बंद करायची राहिली म्हणून ऐन टेबलावरून ऑपरेशन पुढे ढकललं गेलेली माणसं मी बघितली आहेत.

माझी खरी चिडचिड आहे ती या ॲप बनवणाऱ्यांवर. त्यांच्या डोक्यात एक डॉक्टर आणि एक पेशंट, दोन चौकोन. तिसरा चौकोनच नाही. सिस्टरांना लॉगिन नाही. त्यांनी मला जे दहा मिनिटं शिकवलं ते कुठल्याच बिलात नाही, कुठल्याच रेकॉर्डमध्ये नाही, ते त्यांनी राऊंडच्या मधे चोरून केलं. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोत डॉक्टर संजीव अरोरा यांनी २००३ मध्ये प्रोजेक्ट इको सुरू केला तो मला यासाठीच आवडतो. हेपेटायटिस सी या यकृताच्या आजाराचे पेशंट त्यांच्या क्लिनिकसाठी महिनोन्महिने थांबायचे, तर त्यांनी पेशंटना स्क्रीनवर बघायच्या ऐवजी लांबलांबच्या साध्या डॉक्टरांना आणि नर्सना दर आठवड्याला स्क्रीनवर बसवून केस घेऊन शिकवलं. २०११ मध्ये आकडे आले, युनिव्हर्सिटीच्या क्लिनिकमध्ये ५७.५ टक्के पेशंट बरे झालेले आणि त्या छोट्या केंद्रांवर ५८.२ टक्के. तज्ज्ञाची बरोबरी झाली की! याला म्हणतात लांबून उपचार.

तर कुणाच्या घरात ऑपरेशन झालेलं असेल तर डिस्चार्ज घेताना ॲपची लिंक घेतलीत तरी वॉर्डचा नंबर नक्की मागून घ्या, आणि ड्रेसिंग करणाऱ्या माणसाला विचारा की मी घरी नेमकं काय बघू. लाजू नका.

आईचं? संध्याकाळी लाली रेघेच्या आत अर्धा बोट सरकलेली होती. सिस्टरांना फोटो पाठवला, खिडकीशी, कागद धरून. उत्तर आलं, "रेघ पुसू नका, उद्या परत." पुढे चार दिवस आई येणाऱ्या जाणाऱ्याला पदर बाजूला करून ते ९:४० दाखवत होती.