वाटणीआधी पाळी लावा

गावचं घर ठेवायचं की विकायचं, हा वाद कोकणातल्या कुटुंबांत दर मे महिन्यात आणि दर गणपतीत नव्याने पेटतो. एक बाजू म्हणते, वाडवडिलांची वास्तू आहे. दुसरी म्हणते, बंद घर वाळवीच्या घशात घालण्यापेक्षा पैसे वाटून घेऊ. इथे फिनलंडमध्ये राहून तो वाद ऐकताना जाणवतं ते हे, की दोन्ही बाजू मालकीबद्दल बोलताहेत. घराबद्दल कुणीच बोलत नाही.

फिनलंडची लोकसंख्या 55 लाखांच्या आसपास आणि उन्हाळी घरं 5 लाखांच्या वर. त्यांना मोक्की म्हणतात. बहुतेक पाण्याकाठी, आणि सायमासारख्या हजारो बेटांच्या तळ्यात कितीतरी थेट बेटांवर. ना रस्ता, ना पूल. तरी ओंडक्यांची जुनी घरं तिसऱ्या-चौथ्या पिढीच्या हातात धडधाकट उभी दिसतात.

बेटावर जड सामान न्यायचं ते थंडीत, गोठलेल्या तळ्यावरून. एकट्या माणसाला निदान 5 सेंटीमीटर घट्ट बर्फ लागतो, स्नोमोबिलला, म्हणजे बर्फावरून चालणाऱ्या मोटारगाडीला, 15. वरचा पांढरट, हिमाचा थर असेल तर तो निम्माच धरायचा. थंडीच्या सुरुवातीला आणि शेवटी मात्र असे आठवडे येतात, की बर्फ माणसाला पेलत नाही आणि होडीलाही वाट देत नाही. या दिवसांना केलिरिक्को हा खास शब्द आहे. त्या दिवसांत काही विसरलं म्हणून परत जाता येत नाही. म्हणून शरदात घर बंद करताना पंप काढून आत ठेवायचा, सगळे नळ उघडे सोडायचे, पाइप उताराच्या टोकाला पूर्ण रिकामे करायचे. एखाद्या वळणात पेलाभर पाणी राहिलं तरी ते गोठताना फुगतं आणि पाइप फाटतो. कळतं ते वसंतात, पंप सुरू केल्यावर.

ओंडक्यांचं घर खचतं, हेही आधीच धरलेलं असतं. ओल्या लाकडाची भिंत सुकताना उंचीच्या दर मीटरला 2 ते 5 सेंटीमीटर खाली बसते. म्हणून दारं-खिडक्यांच्या वर तेवढी फट सोडून तिथे जवसाचा काथ्या भरतात. ती फट कुणी ‘नीट’ बुजवली, तर भिंतीचा भार चौकटीवर येतो आणि खिडकी उघडेनाशी होते.

सर्वांत आधी कुजतो तो तळचा ओंडका. पायाशी माती, पाचोळा साचतो, दगडी जोत्यातली हवेची भोकं बुजतात, पागोळ्यांचं पाणी भिंतीवर उडतं. तो बदलण्याच्या कामाला इथे घोड्याला नाल मारण्याचाच शब्द वापरतात: केंगितुस. टोचा खुपसून कूज कुठवर गेली ते पाहायचं. भिंत फाकू नये म्हणून आतून-बाहेरून उभ्या फळ्या बोल्टने आवळायच्या. मग जॅक लावून घर काही मिलिमीटरच उचलायचं, पुढच्या जॅककडे जायचं, प्रत्येक फेरीला खाली ठोकळे सरकवायचे. विटांची चिमणी स्वतःच्या पायावर उभी असते, ती घराबरोबर वर येत नाही. छपरातला तिच्याभोवतीचा जोड आधी सोडवला नाही तर तिथेच तडा जातो. नवा ओंडका सुकलेल्या पाइनचा हवा, आणि दगड व लाकूड यांच्यामध्ये भूर्जाच्या सालीचा किंवा डांबरी कागदाचा थर हवाच. नाहीतर जमिनीची ओल पुन्हा वर चढते.

भांडणं इथेही होतात. मालमत्ता वारसांत अविभक्त असेल तर निर्णयाला सर्वांची संमती लागते, आणि एखादा भाऊ अडून बसला की छप्पर गळत राहतं. सहमालक कोर्टातून विक्रीही मागू शकतो. त्यावर इथला उपाय मला फार मोलाचा वाटतो: मालकी सामाईकच ठेवायची आणि वापराच्या वाटणीचा लेखी करार भूमापन खात्यात नोंदवायचा. तो पुढच्या खरेदीदारावरही बंधनकारक राहतो. सोबत कुटुंबाने आपसात लिहून ठेवायचं, की कोणते आठवडे कुणाचे आणि छपराची वर्गणी किती.

हे आपल्याकडे जमणार नाही, असं मी मानत नाही. सातबाऱ्यावर 30 नावं असलेल्या घराण्यातही यंदा गणपती कुणाचा, हे विचारावं लागत नाही. पाळी ठरलेली असते, खर्च ज्याचा त्याने करायचा असतो, आणि ती चुकवणं कुणाला शोभत नाही. तीच पाळी कौलांना का नाही? कोकणातलं घरही पाण्यानेच मरतं. एक कौल सरकतं, रीप भिजते, वासा ओला राहतो, वाळवी चढते, आणि चार पावसाळ्यांत आढं खाली येतं. जांभ्याच्या भिंती उभ्याच राहतात. फिनलंडच्या थंडीत कूज निदान थांबते. आपल्या दमट हवेत ती थांबत नाही, म्हणून आपली पाळी वर्षाला एकदा लावून पुरणार नाही, दोनदा हवी. पाळीत 2005 च्या कायद्यानंतर वडिलोपार्जित मालमत्तेत बरोबरीचा हक्क मिळालेल्या बहिणींची नावंही हवीत, हक्काला आणि खर्चालाही.

पहिली पाळी गणपतीतच लावा. वैशाखात शाकारणीला माणूस बोलावतात तेव्हा छप्पर कोरडं ठणठणीत असतं आणि गळतंय कुठे, हे कुणालाच सांगता येत नाही. गणपतीत पाऊस असतो, सगळे घरात असतात. बॅटरी घेऊन माळ्यावर चढा आणि जो जो वासा ओला लागेल त्याच्यावर पाणी न पोहोचणाऱ्या बाजूला खडूने खूण करा.